परदेशी सफरचंद मागवताय? नॉन-जीएम दाखल्याचं आधी बघा

न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरतो, फायटो (निर्यात देशाचा कीड-रोग तपासणीचा दाखला) असतो, बिल ऑफ एंट्री म्हणजे कस्टम्सचा आयात अर्ज भरलेला असतो, आणि फाइल एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, जाऊन अडते. वाशीच्या फळबाजारातून आयातीत नव्याने उतरलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स, प्लँट क्वारंटाईनचं परमिट ही कामं तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्स एजंट, डोळे झाकून करतो. घोळ होतो तो नॉन-जीएम, म्हणजे माल जनुकीय बदल केलेला (जीएम) नसल्याच्या दाखल्याचा.

एफएसएसएआयचा २१ ऑगस्ट २०२० चा आदेश, लागू १ मार्च २०२१ पासून. यादीत २४ पिकं: सफरचंद, प्लम, पपई, अननस, टोमॅटो, बटाटा, मका, सोयाबीन वगैरे. यातलं पीक खाण्यासाठी आणलं, तर प्रत्येक कन्साइनमेंटसोबत दाखला हवा. माल जनुकीय बदल केलेला नाही आणि त्यात तसा अंशही नाही, असं त्यात लिहिलेलं पाहिजे.

“सफरचंदात कसला आलाय जीएम?” हे सगळेच विचारतात. अमेरिकेत कापल्यावर काळं न पडणाऱ्या सफरचंदाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. हवाईत १९९८ पासून रिंगस्पॉट विषाणूला दाद न देणारी पपई पिकते. सोयाबीनमध्ये मुख्यतः तणनाशक सहन करण्याचा गुण घातलेला असतो. मक्यात तो असतोच, शिवाय अळी मारणारं बीटी जनुकही. बीटी आपल्याला कापसामुळे २००२ पासून ओळखीचं आहे. पण तुमचा माल साध्या वाणाचा आहे म्हणून दाखल्यातून सुटका नाही. आदेश पिकाचं नाव बघतो, वाण नाही.

आता दाखला देणार कोण? निर्यात करणाऱ्या देशाची सक्षम सरकारी यंत्रणा. निर्यातदाराने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेली हमी चालत नाही. खासगी लॅबचा रिपोर्ट हा दाखला नव्हे. फायटोही नव्हे, तो कीड-रोगाचा कागद. साहेबांना विनंती करून बघू, असं म्हणणारे बरेच भेटतात. इकडे रीफरचा (थंड कंटेनरचा) प्लग-इन म्हणजे विजेचा चार्ज आणि डिमरेज म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार रोज चढत राहतो, आणि माल नाशवंत.

दुसरा गैरसमज आदेशातल्या एक टक्क्याच्या मर्यादेचा. जीएम मालाची चुकून मिसळ झालेली असेल तर ती एक टक्क्यापर्यंत चालते, एवढाच त्याचा अर्थ. “आमचं एक टक्क्याच्या आतच असतं, मग कागद कशाला?” हा युक्तिवाद खिडकीवर टिकत नाही.

मिश्र कंटेनर असेल तर यादी नीट पडताळा. सफरचंदाला दाखला लागतो, सोबतच्या किवीला लागत नाही. आदेश पिकांपुरता आहे, प्रक्रिया केलेल्या पदार्थांना नाही. म्हणून टोमॅटो आणि टोमॅटोची प्युरी एकाच हिशेबात धरू नका.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी सप्लायरकडून त्यांच्या सरकारी यंत्रणेच्या दाखल्याचा नमुना मागवा आणि सीएचएला दाखवा. तो सापडत नसेल, किंवा “पुढच्या आठवड्यात देतो” असं उत्तर आलं, तर बुकिंग थांबवा. जहाज निघाल्यावर तिथल्या कचेरीला तुमची घाई नसते.