स्थितिदर्शक, बॅटरी-चार्जर चिपमधील (कमी आदान दाबावरील वर्तन)

लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणाऱ्या चिपच्या ज्या पिनवरून चार्जिंगची अवस्था बाहेर कळते, ती स्थितिदर्शक पिन. तिला जोडलेले तांबडे-हिरवे एलईडी परिचयाचे आहेत. आदान दाब (चिपला मिळणाऱ्या पुरवठ्याचे व्होल्टेज) पुरेसा असेपर्यंत त्यांचा अर्थ सरळ असतो : तांबडा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे पूर्ण; तो घसरला, की दिवा बॅटरीविषयी बोलायचे थांबतो आणि फक्त चिपची अंतर्गत अवस्था सांगतो. दुरुस्ती करणाऱ्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवायला हवा.

चिप आदान दाब दोन कसोट्यांवर तपासते. टीपी४०५६ या बहुप्रचलित चिपमध्ये पहिली कसोटी सुमारे 3.7 व्होल्टची आहे. त्याखाली चार्जिंग रोखले जाते (अंडरव्होल्टेज लॉकआउट). दुसरी कसोटी तुलनेची : आदान दाब बॅटरीपेक्षा सुमारे 100 मिलिव्होल्टने चढला की काम सुरू होते, आणि फरक सुमारे 30 मिलिव्होल्टवर आला की थांबते. म्हणून बॅटरी 4.0 व्होल्टवर असताना 3.9 व्होल्टचा पुरवठा पहिली कसोटी पार करूनही दोन्ही दिवे विझलेलेच राहतात. चिप जळाली असा समज करून ती बदलण्याआधी पिन ४ (आदान) व पिन ५ (बॅटरी) वरचे दाब मोजावेत.

छोट्या सौर पॅनेलवर याहून फसवे दृश्य दिसते. बॅटरी 3.3 व्होल्टपर्यंत उतरलेली आहे आणि ढगाळ उजेडात पॅनेल मोकळे (भाराविना) असताना 5 व्होल्ट दाखवते, असे समजू. चिप प्रवाह खेचू लागताच पॅनेलचा दाब बॅटरीच्या जवळ कोसळतो, लॉकआउट लागतो, भार सुटतो, दाब पुन्हा चढतो. हे चक्र वेगवान असेल तर तांबडा दिवा मंद भासतो, संथ असेल तर लुकलुकतो. टीपी४०५६ला बॅटरी जोडलेलीच नसतानाही हिरवा स्थिर आणि तांबडा लुकलुकता दिसू शकतो. दोन्हींची गल्लत करू नये.

टीपी४०५६च्या उगमाबाबत एकमत नाही. नावातील आकड्यांवरून ती लिनिअर टेक्नॉलॉजी या चिप-कंपनीच्या एलटीसी४०५६ची प्रतिकृती मानली जाते. पण त्या चिपला बाहेरचा ट्रान्झिस्टर लागतो, टीपी४०५६ला लागत नाही. टीपी४०५६ची कार्यपद्धती व वरील कसोट्यांचे आकडे त्याच कंपनीच्या एलटीसी४०५४शी अधिक जुळतात, त्यामुळे तिला त्या परंपरेत ठेवणे सयुक्तिक वाटते. मात्र दर्शकाच्या बाबतीत एलटीसी४०५४ सरस आहे. तिची एकच पिन तीन अवस्था दाखवते : चार्जिंग चालू असता जोरदार खेच (चिप पिनला शून्य दाबाकडे ओढते), पूर्ण झाल्यावर सुमारे 20 मायक्रोअँपिअरची क्षीण खेच आणि लॉकआउटमध्ये खुली पिन. मायक्रोकंट्रोलरने (छोट्या नियंत्रक संगणक-चिपने) आधी 2 किलोओहम व मग 800 किलोओहमच्या रोधातून ही पिन वरच्या दाबाकडे ओढून पाहिली, तर ‘पूर्ण’ आणि ‘पुरवठा अपुरा’ वेगळे ओळखता येतात. साध्या एलईडीला मात्र हा भेद दिसत नाही.

प्रवाह ठरावीक पातळीच्या एक-दशांशावर आला की चार्जिंग पूर्ण, असे अनेक चिप मानतात. प्रवाह आदानच दुबळे असल्याने घटला, तर अर्धवट बॅटरीवरही ‘पूर्ण’ची खूण उमटण्याचा धोका असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२४०७४मध्ये आदान दाब सावरण्यासाठी प्रवाह कमी केलेला असताना समाप्तीची तपासणीच बंद ठेवतात, शिवाय पुरवठा ठीक असल्याची खूण वेगळ्या पिनवर मिळते.