समुपदेशनाची नोंद आणि सातबारा

‘नवरा-बायको समुपदेशनाला गेले की सरकारदरबारी त्यांची वेडे म्हणून नोंद होते आणि पुढे जमिनीचा हक्क जातो,’ असा एक संदेश गावोगावी वर्षानुवर्षे फिरतो आहे. जमीन हाच आधार असलेल्या घराला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती निराधार आहे.

घरातील भांडणे, व्यसन किंवा अबोला यांवर कुटुंबाने एकत्र बसून तज्ज्ञाशी बोलणे म्हणजे कोणी मनोरुग्ण ठरणे नव्हे. समजा, एखाद्याला मानसिक आजाराचे निदान झालेच, तरी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ३ सांगते की, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याशिवाय केवळ निदानावरून कोणालाही विकल मनाचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत वेडा, मानता येत नाही. कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे आरोग्यसेवकांवर बंधनकारक आहे; जीविताला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद त्यात दिलेले आहेत.

पडताळणी घरबसल्या करता येते. आपला सातबारा उघडून पाहावा: भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, बोजा, पिके असे रकाने त्यात दिसतील, आरोग्याचा रकाना कोठेही नाही. कायद्याचा मूळ मजकूरही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

समुपदेशनासाठी तालुक्याला जाताना कोणी पाहील, हा संकोच मात्र खरा आहे, आणि तो कायद्याने सुटत नाही. असा संकोच वाटणाऱ्यांनी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर प्रथम मराठीतून बोलावे. पुढे कोठे जायचे, हे तेथेही विचारता येते.