आमच्या संचातले डायनोसॉर असे का दिसतात?

संच घेतल्याबद्दल आभार. जोडणीच्या सूचना वेगळ्या कागदावर आहेत. हा कागद खोकं उघडल्यावर हमखास पडणाऱ्या प्रश्नांसाठी.

पहिली तक्रार ठरलेली: 'व्हेलोसिरॅप्टर एवढासाच कसा?' संचातले सगळे प्राणी १:४० या एकाच प्रमाणात आहेत. १२ मीटर लांबीचा टी. रेक्स त्यामुळे ३० सेंटिमीटरचा होतो आणि २६ मीटरचा डिप्लोडोकस टेबलावर ६५ सेंटिमीटर जागा अडवतो. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटी धरून जेमतेम २ मीटर लांब आणि कमरेशी साधारण अर्धा मीटर उंच. म्हणजे मॉडेल ५ सेंटिमीटरचं, आणि त्यातही बरीचशी शेपटीच! पडद्यावर त्याला माणसाएवढा केल्यामुळे सगळा घोटाळा झाला आहे. हातांवरची पिसं ही आमची हौस नव्हे. मंगोलियातल्या एका जीवाश्मात त्याच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे आढळले, अगदी पक्ष्यांच्या हाडांवर मोठी पिसं जिथे रुजतात तिथे असतात तसेच. ही माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली.

टी. रेक्सची शेपटी बसवल्याशिवाय त्याला उभं करू नका, तोंडावर पडेल. जुन्या चित्रांत तो शेपटी जमिनीवर टेकवून ताठ उभा असतो. प्रत्यक्षात डायनोसॉरच्या पाऊलखुणांमागे शेपटी घासल्याची रेघ क्वचितच सापडते. जड डोक्याला तोलून धरायला शेपटी मागे, हवेत आडवी असायची. मॉडेलही त्याच तोलावर उभं राहतं.

डिप्लोडोकसच्या मानेच्या मणक्यांवर खळगे दिसतील. तो साच्यातला दोष नाही, कृपया पुट्टी भरू नका. या प्राण्यांच्या शरीरात पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या होत्या आणि त्या मणक्यांच्या आतपर्यंत शिरलेल्या असत. हाडं पोकळ, म्हणून वजन कमी, म्हणून इतकी लांब मान पेलवत असे. डोकंही लहानच, कारण चावण्याची भानगड नव्हती. पुढच्या काडीसारख्या दातांनी पाला ओरबाडायचा आणि सरळ गिळायचा, बाकीचं काम पोटाचं.

रंगांबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवं: बहुतेक रंग आमच्या चित्रकाराच्या अंदाजाने दिलेले आहेत. अपवाद सायनोसॉरोप्टेरिक्सचा. चीनमधल्या त्याच्या जीवाश्मातल्या पिसांत रंगकणांचे सूक्ष्म अवशेष टिकून होते. ते तपासून २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, की शेपटीवर तांबूस-तपकिरी आणि पांढरे पट्टे होते. तेच पट्टे आम्ही दिले आहेत.

वेगळ्या ट्रेमधले प्राणी डायनोसॉर नाहीत, म्हणूनच ते वेगळे ठेवले. सुमारे १० मीटर पंखविस्ताराचा क्वेट्झालकोएटलस हा टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांचा उडणारा भाऊबंद. मोसासॉर समुद्री सरपटणारा, सरडे-सापांच्या जवळचा. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर पहिला डायनोसॉर जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीच संपला होता आणि नात्याने तो डायनोसॉरांपेक्षा आपल्याला, सस्तन प्राण्यांना, जवळचा.

मांडणी करताना स्टेगोसॉरस आणि टी. रेक्स यांची झुंज लावू नका, असं आम्ही सुचवू (मुलं ऐकणार नाहीत, ते सोडा). स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. टी. रेक्स ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आजच्या मेक्सिकोतल्या युकातानजवळ लघुग्रह आदळला तेव्हा संपला. काळाच्या हिशेबाने तो स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

शेवटचा तुकडा मेगालोडॉन शार्कचा दात. फक्त तोच मूळ आकारात, १७ सेंटिमीटरचा आहे. 'अख्खा शार्क का नाही?' असं बरेच जण विचारतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि कूर्चा सहसा टिकत नाही. मेगालोडॉनचे दात भरपूर सापडतात, थोडे मणकेही मिळाले आहेत, पण त्याचं शरीर नेमकं कसं होतं यावर अजून वाद चालू आहेत. तो मिटेपर्यंत आम्ही दातच देऊ.