जेवणाच्या ताटातली गोळी

आप्पांच्या डायलिसिसच्या पहिल्या वर्षी त्यांच्या रक्तातला फॉस्फरस काही केल्या सातच्या खाली येत नव्हता. तो उतरवायच्या गोळ्या तर रोज पोटात जात होत्या. आई डबीत मोजून ठेवायची, एकही चुकत नव्हती. फक्त आप्पा त्या गोळ्या रात्री झोपताना, बीपीच्या गोळीबरोबर एकदम घ्यायचे. चिठ्ठीवर दिवसाला तीन लिहिलंय ना, मग एकदम घेतल्या काय नि सुट्या घेतल्या काय, असा त्यांचा सरळ हिशोब. एक दिवस मशिन लावता लावता सिस्टरांनी सहज विचारलं, "काका, फॉस्फरसची गोळी जेवतानाच घेता ना?"

"नाही हो, झोपताना."

सिस्टरांचा हात थांबला. आठला जेवण आणि साडेदहाला गोळी, म्हणजे वर्षभर ती बहुतेक वायाच गेली होती.

ही गोळी रक्तावर काम करत नाही, ती अन्नावर काम करते. घासातून सुटलेला फॉस्फरस आतड्यातच पकडायचा आणि शौचावाटे बाहेर न्यायचा, एवढंच तिचं काम. पोटात अन्न नसेल तर तिला पकडायला काही नसतं. औषध म्हटलं की ते रक्तात जाणार आणि तिथे आपलं काम करणार, अशी आपली समजूत असते. त्यामुळे ही गोष्ट कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय डोक्यात येत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 700 ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला 85 टक्के हाडांत आणि दातांत कॅल्शियमशी बांधलेला, उरलेला बहुतेक पेशींच्या आत. रक्तात फिरतो तो अगदी थोडा, आणि रिपोर्टमध्ये दिसतो तो तेवढाच. निरोगी माणसात हा आकडा 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. खाण्यातून जादा आलेला फॉस्फरस मूत्रपिंडं लघवीवाटे टाकून देतात. 1669 साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला हे मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं तेही लघवी आटवताना. तो सोनं शोधत होता, हाती लागला अंधारात चमकणारा पदार्थ. मूत्रपिंडं निकामी झाली, लघवी आटली, की नेमकी हीच वाट बंद होते.

साठलेला फॉस्फरस सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, आणि म्हणूनच तो फसवा. पुढे अंगाला खाज सुटते. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडू लागतात आणि ते हार्मोन हाडांतून कॅल्शियम खेचतं, हाडं पोकळ होत जातात. सगळ्यात वाईट परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. तिथे नुसता थर साचत नाही, तर वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं मूळ काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि भिंत कडक होत जाते. काही जुन्या रुग्णांच्या एक्स-रेमध्ये हातातली रोहिणी हाडाइतकी स्पष्ट, पांढऱ्या रेघेसारखी उमटलेली दिसते.

मग आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन निघतं, तरी फॉस्फरस का उरतो? चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये तो साधारण 800 मिलिग्रॅम निघतो. पहिल्या तासात रक्तातला आकडा भराभर उतरतो, मग अडखळतो. खरा साठा पेशींत आणि हाडांत असतो आणि तो तिथून सावकाश बाहेर येतो. मशिन बंद झालं की काही तासांत रक्तातला आकडा पुन्हा चढतो. विहिरीतून पंपाने पाणी उपसलं की झरे संथपणे ती पुन्हा भरतात, तसंच हे. रात्रभर सावकाश चालणारं डायलिसिस आठवड्यातून पाच-सहा रात्री घेणाऱ्यांना बऱ्याचदा या गोळ्या लागतच नाहीत. पण आपल्याकडे चार तासांच्या वर सहसा कुणाला मिळत नाही, आणि अनेकांचं डायलिसिस तर आठवड्यातून दोनदाच होतं.

आता 60 किलोच्या माणसाचा हिशोब मांडू. डायलिसिसवर असताना प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, कारण काही अमिनो आम्लं मशिनमध्येच निघून जातात. म्हणजे रोज 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं. प्रत्येक ग्रॅमबरोबर ढोबळमानाने 13 ते 15 मिलिग्रॅम फॉस्फरस येतो, म्हणजे दिवसाला 900 च्या आसपास. त्यातला साठ टक्के अंगी लागला तरी आठवड्याला पावणेचार हजार मिलिग्रॅम जमा. तीन डायलिसिसचे गेले 2400. दोनच झाली तर 1600. दोनवाल्यांचे मागे उरले 2100 हून जास्त, म्हणजे रोज तीनशे. थोडी लघवी होत असेल तर तेवढी सूट.

कॅल्शियम अ‍ॅसिटेटची 667 मिलिग्रॅमची एक गोळी साधारण 30 मिलिग्रॅम फॉस्फरस पकडते. तीनशेला भागा. "एवढ्या मूठभर गोळ्या कशाला?" असं वैतागून विचारणाऱ्या रुग्णाला मी हाच भागाकार करून दाखवतो.

दूध, डाळ, अंडी, मासे सगळं बंद करणं हा उपाय लोकांना सोपा वाटतो. मला तो घातक वाटतो. त्याने फॉस्फरस उतरतो, पण माणूसही उतरतो. अंगावरचं मांस झडलेल्या रुग्णाचा फॉस्फरस चारवर आला म्हणून घरच्यांनी खूश व्हायचं कारण नाही. प्रथिनं पोटभर मिळावीत आणि त्यांच्याबरोबर येणारा फॉस्फरस वाटेत अडवावा, यासाठीच तर गोळी आहे. खाण्यात बदल करायचाच तर हुशारीने करावा. अंड्यातला जवळजवळ सगळा फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो, पांढऱ्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस नावापुरता. डाळी-कडधान्यांतला बराचसा फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात जवळपास नसतंच, त्यामुळे त्यातला निम्माही अंगी लागत नाही. कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ पूर्ण शोषला जातो. काळ्या कोलाच्या बाटलीवर अम्लता नियंत्रकापुढे 338 आकडा दिसतो, ते फॉस्फोरिक आम्ल. प्रक्रिया केलेल्या चीजच्या आणि गोठवलेल्या तयार मांसाच्या पाकिटांवर 339 ते 341 किंवा 450 ते 452 यांतला एखादा आकडा सापडतो. वाटीभर वरणाला घाबरायचं आणि कोला प्यायचा, हे उलटं होतं.

या गोळ्यांचा इतिहास सुखाचा नाही. सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत. ते फॉस्फरस पकडण्यात फार तरबेज. पण डायलिसिसच्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली. 1976 मध्ये डेन्व्हरच्या अ‍ॅलन अल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम साचल्याचं दाखवलं. काही गोळ्यांतून आलेलं, काही डायलिसिसच्या पाण्यातून. म्हणून आजही डायलिसिसवरच्या माणसाने छातीत जळजळ झाली तर दुकानातून अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध आपल्या मनाने आणू नये. त्यातल्या कित्येकांत अ‍ॅल्युमिनियम असतं.

मग कॅल्शियम आलं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे अंड्याच्या कवचात आणि शिंपल्यात असतो तो पदार्थ, स्वस्त आणि सहज मिळणारा. अ‍ॅसिटेट त्याहून थोडं सरस. अडचण कॅल्शियमचीच. 667 च्या एका गोळीत 169 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, नऊ गोळ्यांत 1521. त्यातलं काही रक्तात जातंच, आणि ज्या वाहिन्यांना कडक होण्यापासून वाचवायचं, त्यांनाच चुना पुरवल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्यांना मर्यादा घालतात आणि गरज पडली की सेव्हेलामरकडे वळतात.

अमेरिकेत 1998 पासून वापरात आलेलं सेव्हेलामर हा एक बहुवारिक (पॉलिमर) आहे. त्यात कॅल्शियम नाही, दुसरा कुठला धातूही नाही. आतड्यात पाणी पिऊन तो फुगतो आणि आपल्या धन प्रभारांवर फॉस्फेट चिकटवून घेतो. फुगतो म्हणूनच ती गोळी फोडून किंवा चावून घ्यायची नाही, अख्खी गिळायची. लँथेनम कार्बोनेटचं नेमकं उलट, ती गोळी नीट चावूनच खायची, अख्खी गिळली तर अर्धं काम होत नाही. लोहाच्या चावायच्या गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नये. 2023 मध्ये अमेरिकेत फॉस्फरससाठी मान्य झालेलं टेनापॅनॉर तर फॉस्फरस पकडतच नाही, ते आतड्याच्या पेशींमधल्या फटीच आवळतं.

फॉस्फरस उतरवल्याने आयुष्य किती वाढतं, हे औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीने डायलिसिसच्या रुग्णांत अजून सिद्ध झालेलं नाही. पण चढा फॉस्फरस आणि जास्त मृत्यू यांची जोडी अनेक देशांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसली आहे, आणि ते सिद्ध होईपर्यंत डॉक्टर थांबून राहू शकत नाहीत.

या गोळ्या फॉस्फरसबरोबर दुसरी औषधंही धरून ठेवतात. थायरॉइडची गोळी चार तास लांब ठेवावी लागते, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्याव्यात. बद्धकोष्ठ होतं, आणि मग कुणीतरी एनिमा सुचवतं. फॉस्फेटचा एनिमा डायलिसिसच्या रुग्णाला अजिबात द्यायचा नाही.

आप्पांच्या तीन गोळ्या तीनच राहिल्या, फक्त त्यांची वाटणी बदलली. त्यांचं मोठं जेवण दुपारचं, म्हणून डॉक्टरांनी दुपारी दोन आणि रात्री एक करून दिली. सकाळच्या चहाबरोबर एकही नाही. बाहेर जेवायचं असलं की शर्टाच्या खिशात छोटी डबी. तरी पहिल्या महिन्यात ते दोनदा विसरले. मग आईने ताट वाढायची पद्धत बदलली. आप्पांना मीठ तसंही वर्ज्य होतं. लिंबाच्या फोडीशेजारी जिथे चिमूटभर मीठ वाढायचं, तिथे ती गोळी ठेवू लागली.