बेघरपणाचे गुन्हेगारीकरण

घर असलेला माणूस झोपतो, अंग धुतो, लघवीला जातो ते दाराआड. ज्याला दारच नाही, त्याला हे सारे उघड्यावर करावे लागते. या अपरिहार्य गोष्टींनाच गुन्हा ठरवून दंड, कैद किंवा हुसकावणी करणारे कायदे आणि पोलिसी कारवाया म्हणजे बेघरपणाचे गुन्हेगारीकरण. कायद्यात ‘बेघर’ हा शब्द बहुधा नसतो. उद्यानात रात्री थांबू नये, पदपथावर अंथरूण पसरू नये, असे नियम सर्वांसाठी म्हणून लिहिले जातात. ते मोडण्याची पाळी मात्र एकाच वर्गावर येते. अशा नियमांना तटस्थ म्हणणे कठीण आहे.

ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने कामधंद्याविना भटकणाऱ्याच्या छातीवर ‘व्ही’ अक्षराचा डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलाम करण्याची मुभा दिली होती. तो कायदा लवकरच रद्द झाला. पुढे नेपोलियनशी झालेली युद्धे संपली, सैनिक बेकार होऊन परतले आणि १८२४ च्या कायद्याने उघड्यावर झोपणे शिक्षापात्र ठरवले.

अमेरिकेत २०१८ मध्ये बॉइसी शहराच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने म्हटले, की निवाऱ्यात जागाच नसेल तर बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा देणे ही क्रूरता आहे. हे संरक्षण सहा वर्षे टिकले. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते काढून घेतले. हंगेरीने तर २०१८ मध्ये सार्वजनिक जागी वास्तव्य करण्यावरील बंदी थेट राज्यघटनेत घातली. याउलट, जिनिव्हात भीक मागणाऱ्या एका स्त्रीला ५०० फ्रँकचा दंड झाला, तो भरता न आल्याने पाच दिवस तुरुंगवास घडला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये हा तिच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला.

हुसकावणी कायद्याविनाही होते. बाकाच्या मधोमध लोखंडी हात बसवला की आडवे होता येत नाही. पुलाखाली, ओट्यांवर अणकुचीदार खिळे ठोकले जातात.

दंड भरता येत नाही, म्हणून वॉरंट निघते. अटकेची नोंद राहते आणि त्या नोंदीमुळे नोकरी व भाड्याची खोली दोन्ही नाकारली जातात. तंबू हटवताना औषधे, ओळखपत्रे सामानासोबत कचऱ्यात जातात. घरासाठी अर्ज करायला तीच ओळखपत्रे लागतात.