बेक्ड फ्रेंच टोस्ट आणि ब्रेड पुडिंग: साहित्य एक, पदार्थ दोन

नाताळच्या सकाळी घरच्या सहा-सात माणसांना एकाच वेळी गरम नाश्ता वाढायचा असेल, तर मसालेदार बेक्ड फ्रेंच टोस्ट हा फार सोयीचा पदार्थ आहे. आदल्या रात्री ट्रेमध्ये ब्रेड रचायचा, त्यावर अंडी-दुधाचे मिश्रण ओतायचे, ट्रे फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी उठल्यावर ओव्हनमध्ये सरकवायचा, ही अमेरिकेतील अनेक घरांतली नाताळची रीत आहे. ठाण्यातल्या घरांत ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, रुळल्यापासून ती आपल्याकडेही सहज जमण्यासारखी झाली आहे. अडचण एकच येते. ब्रेड, दूध, अंडी, साखर, लोणी आणि दालचिनी हेच साहित्य ब्रेड पुडिंगलाही लागते, दोन्ही पदार्थ एकाच प्रकारच्या ट्रेमध्ये भाजले जातात आणि वरून पाहिले तर दोन्ही सारखेच तांबूस दिसतात. त्यामुळे टोस्ट करायला घ्यावा आणि बशीत लगदा यावा, किंवा पुडिंग करायला घ्यावे आणि कोरडे तुकडे हाती लागावेत, असे वारंवार घडते. करणाऱ्याच्या हाताला चव नसते असे नाही. एका पदार्थाचा नियम दुसऱ्याला लावला गेलेला असतो.

आपल्याकडे फ्रेंच टोस्ट म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजलेला तिखट ब्रेड येतो. तो येथे अभिप्रेत नाही. शाही तुकडाही बाजूला ठेवू, कारण त्यात ब्रेड आधी तुपात तळतात, मग पाकात आणि रबडीत मुरवतात, आणि अंड्याचा त्यात संबंधच येत नाही.

टोस्ट आणि पुडिंग यांतला मूळ फरक असा: फ्रेंच टोस्ट हा ब्रेडचा पदार्थ आहे आणि ब्रेड पुडिंग हा कस्टर्डचा, म्हणजे अंडी-दुधाच्या मिश्रणाचा, पदार्थ आहे. टोस्टमध्ये अंडी-दुधाचे मिश्रण ब्रेडच्या जाळीत शिरून तिथेच घट्ट होते. ट्रेच्या तळाशी मोकळे कस्टर्ड साचता कामा नये आणि प्रत्येक स्लाइस अखंड उचलता आली पाहिजे. पुडिंगमध्ये कस्टर्ड भरपूर असते, ब्रेड त्यात बुडून जातो, त्याला दाटपणा देतो आणि चमच्याने घेताना ब्रेड कुठे संपला व कस्टर्ड कुठे सुरू झाले हे कळेनासे होते. पुढचे सगळे, म्हणजे प्रमाण, ब्रेडची निवड, ओव्हनचे तापमान, इतकेच काय मसाला कधी आणि कसा घालायचा हेसुद्धा, या एका फरकावरून ठरते.

प्रथम प्रमाण पाहू. टोस्टसाठी 400 ग्रॅम ब्रेडला 5 अंडी आणि अर्धा लिटर दूध पुरते. पुडिंगसाठी त्याच्या निम्मा, म्हणजे 200 ग्रॅम ब्रेड घ्यावा आणि त्याला 4 अंडी व पाऊण लिटर दूध लागते. अंड्यांचे वजन धरून हिशेब केला, तर टोस्टमध्ये ब्रेडच्या सुमारे दुप्पट आणि पुडिंगमध्ये जवळजवळ पाचपट ओलावा असतो. पाककृती वाचताना नावाकडे न पाहता आधी हे गुणोत्तर पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण फ्रेंच टोस्ट या नावाखाली दिलेल्या कित्येक कृती गुणोत्तराने पुडिंगच्याच असतात. साखर दोन्हीकडे मिश्रणात बेताची ठेवावी. टोस्टला वरून गोड येणारच असते, तेव्हा त्याला चार टेबलस्पून पुरे होते.

ब्रेडच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रेड शिळा घ्यावा असे सगळेच सांगतात, पण शिळा आणि कोरडा हे दोन निराळे गुण आहेत. शिळा होताना ब्रेडमधले पिष्टमय पदार्थ पुन्हा स्फटिकरूप घेतात आणि त्यामुळे तो कडक लागतो. बंद पिशवीत राहिलेल्या स्लाइसमधले पाणी मात्र बहुतांशी आतच असते. पुडिंगला असा शिळा ब्रेड चालतो, कारण तो शेवटी विरघळल्यासारखाच व्हायचा असतो. टोस्टला चालत नाही. त्याच्या जाळीत कस्टर्ड शिरायचे असेल, तर आधी तिथले पाणी निघून जायला हवे. म्हणून स्लाइस ओटीजीच्या जाळीवर पसरून 120 अंश सेल्सिअसला 12 ते 15 मिनिटे सुकवाव्यात. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागला पाहिजे. आपल्याकडचा पाकिटातला स्लाइस ब्रेड मऊ असल्याने ही पायरी गाळली तर तो रात्रभरात बसकण मारतो. बेकरीतला ब्रून मिळाला तर त्याच्या जाड चकत्या टोस्टला उत्तम, कारण त्याची कडक पाठ भिजूनही आकार सोडत नाही. लादी पाव मात्र पुडिंगसाठीच राखून ठेवावा. तो दूध झटकन पितो आणि तितक्याच झटकन विरतो.

आता उष्णता. अंड्याचा पांढरा भाग एकटा असला तर साधारण 62 ते 65 अंशांना गोठू लागतो. दूध आणि साखर मिसळल्यावर मात्र कस्टर्ड घट्ट व्हायला 80 अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते फार पुढे गेले की प्रथिने आकसून पाणी सोडतात. पुडिंगमध्ये कस्टर्ड भरपूर असल्याने हा धोका मोठा असतो. म्हणून त्याचे भांडे गरम पाणी भरलेल्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवून 160 अंशांना 45 ते 55 मिनिटे भाजतात. भोवतीचे पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मधला भाग शिजेपर्यंत कडा फाटत नाहीत. ओव्हन नसेल तर पुडिंग प्रेशर कुकरमध्ये झाकणाला शिट्टी न लावता, मंद आचेवर वाफवूनही होते, आणि आपल्या घरांत कॅरॅमल पुडिंग या पद्धतीने होतच आले आहे.

टोस्टला यातले काहीच लागू नाही. त्याच्या वरच्या भागाला खरपूसपणा हवा असतो आणि पृष्ठभाग कोरडा होऊन 140 अंशांच्या पलीकडे गेल्याशिवाय तो खरपूस वास आणि तांबूस रंग येत नाही. पाण्याच्या वाफेत किंवा कुकरमध्ये हे होणे शक्य नाही. नुसत्या मायक्रोवेव्हमध्येही नाही, कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असावी लागते. टोस्टचा ट्रे 180 अंशांना, पहिली 20 मिनिटे फॉइलने झाकून आणि नंतरची 15 ते 20 मिनिटे उघडा, असा भाजावा. स्लाइस सपाट न रचता एकमेकींवर रेलून, वरच्या कडा बाहेर राहतील अशा तिरप्या मांडाव्यात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कुरकुरीत कड येते. ट्रे काचेचा असेल तर फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. तापमानाच्या एकदम बदलाने काच तडकू शकते, म्हणून तो आधी अर्धा तास ओट्यावर राहू द्यावा. रात्रभर मात्र तो ओट्यावर ठेवायचा नाही. डिसेंबरातली ठाण्याची रात्र अंगाला गार वाटते, पण कच्च्या अंड्या-दुधाच्या मिश्रणाला 5 अंशांच्या आतली थंडी लागते.

झाले की नाही हे ओळखण्याची खूणही दोन्हीकडे वेगळी आहे. पुडिंगचे भांडे हलवले की मधोमध किंचित थरथर दिसली पाहिजे. ती दिसतानाच ते बाहेर काढावे, निवताना ते आपोआप बसते. टोस्टच्या मध्यावर बोटाने हलके दाबावे. तो पुन्हा वर आला आणि दोन स्लाइसच्या फटीत ओलसर चकाकी उरली नाही, की झाला.

मसाल्याकडे मात्र अधिक सावकाशीने पाहिले पाहिजे, कारण सणाचा वास त्यातूनच येतो. पुडिंगमध्ये मसाला दुधात उतरवायचा असतो: दालचिनीचा तुकडा, ठेचलेले वेलदोडे आणि दोन लवंगा घालून दूध गरम करायचे, वीस मिनिटे झाकून ठेवायचे, गाळायचे आणि मग कोमट झाल्यावर अंड्यांत घालायचे. त्यामुळे सगळ्या कस्टर्डला एकसारखा, हळुवार वास लागतो आणि दातांखाली काही येत नाही. टोस्टला हा हळुवारपणा पुरत नाही. तिथे मसाला पूड करूनच हवा, कारण तो स्लाइसच्या पृष्ठभागावर आणि फटींत राहून उष्णतेने फुलतो. वरच्या प्रमाणाला एक चहाचा चमचा दालचिनी, अर्धा चमचा वेलचीपूड, पाव चमचा सुंठ आणि चिमूटभर लवंगपूड घ्यावी. दालचिनीची पूड थेट दुधात टाकली तर ती भिजत नाही, वर तरंगत राहते आणि ओतताना पहिल्या दोन स्लाइसवरच सगळी उतरते. म्हणून ती आधी साखरेत कालवावी, मग अंडी घालून घोटावी आणि दूध सर्वांत शेवटी थोडेथोडे ओतावे. सुंठीऐवजी ओले आले किसून घालण्याचा मोह टाळावा, कारण ताज्या आल्यातले विकर (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांवर काम करते आणि रात्रभरात मिश्रण फुटू शकते.

जायफळाची पूड न करता ते सहाणेवर दुधाचे थेंब टाकत उगाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रीखंडासाठी आणि पुरणासाठी ही रीत आपल्या हाताला सवयीची आहे आणि ती येथे अगदी चपखल बसते. दहा-बारा वळसे झाले की सहाणेवर पिवळसर तपकिरी, गुळगुळीत गंध तयार होते. ते चमच्याने निपटून मिश्रणात घातले की चटकन मिसळते, गुठळी होत नाही आणि तळाशी बसत नाही. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात दालचिनी घेताना जाड, कडक, एकेरी वळलेली साल मिळाली तर ती बहुधा कॅशिया असते आणि पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली असली तर ती श्रीलंकेकडची. कॅशिया तिखटसर आणि जोरकस असल्याने टोस्टला शोभते. पुडिंगच्या दुधात दुसरी अधिक चांगली उतरते.

वरचा थरही टोस्टचाच विशेष आहे. दोन टेबलस्पून गार लोणी, तेवढीच कणीक आणि तीन टेबलस्पून गूळ पावडर बोटांनी चोळून भुरभुरीत करावे आणि फॉइल काढल्यावर वर पसरावे. गूळ मिश्रणात घालू नये, गरम दूध त्याने नासण्याची शक्यता असते; तो वरच राहू द्यावा. अमेरिकेत टोस्टवर मेपल सिरप ओततात. आपल्याकडे काकवी आहे, आणि जायफळ-दालचिनीशी तिचे जितके जमते तितके आयात केलेल्या सिरपचे जमत नाही, असे मला मनापासून वाटते. पुडिंगवर काकवी ओतू नये. ते मुळातच ओले असते.

घरात कोणी अंडे खात नसेल, तर दोहोंतला फरक आणखी ठळक होतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर तयार केली, ती पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून. ही पावडर मुख्यतः मक्याचे पीठ असते आणि त्याला दाट व्हायला जवळजवळ उकळीचे तापमान लागते. पुडिंगसाठी हे सोपे आहे: कस्टर्ड गॅसवर शिजवून घ्यायचे, लादी पावाच्या तुकड्यांवर ओतायचे आणि वरून थोडे भाजायचे. टोस्टमध्ये तीच पावडर थंड दुधात कालवून रात्रभर ठेवली तर ती तळाशी बसते. सकाळी खालच्या स्लाइस चिकट होतात आणि वरच्या नुसत्या दुधाने ओल्या राहतात. म्हणून बिनअंड्याच्या पाहुण्यांसाठी टोस्टची ओढाताण करण्यापेक्षा सरळ चांगले पुडिंग करावे.

दोन्ही पदार्थ करायचे असतील आणि ओटीजी एकच असेल, तर क्रमही यावरूनच ठरतो. पुडिंग गारही चांगले लागते, किंबहुना एक रात्र मुरल्यावर त्यातला वेलदोडा अधिक जाणवतो, म्हणून ते आदल्या दुपारी भाजून, निववून फ्रिजमध्ये ठेवावे. त्याच संध्याकाळी ब्रेड सुकवून टोस्टचा ट्रे भरावा. सकाळी ओव्हन टोस्टसाठी मोकळा राहतो, आणि तो बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत वाढला पाहिजे, कारण वरचा थर त्यानंतर मऊ पडू लागतो. टोस्टच्या काही स्लाइस उरल्याच, तर दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी परतल्या की त्यांची कड पुन्हा कुरकुरीत होते.