भांडणातलं मध्यंतर

"आता पुरे, नंतर बोलू" हे वाक्य नवरा-बायकोच्या भांडणात बहुतेकदा चिडून येतं आणि त्यातलं 'नंतर' कधी उगवतच नाही. उरतो तो अबोला. खरं तर भांडण मध्येच थांबवणं ही कल्पना चांगली आहे. ती फसते ती किती वेळ थांबायचं आणि त्या वेळात काय करायचं, इथे.

रॉबर्ट लेव्हनसन आणि जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ३० जोडप्यांना समोरासमोर बसवून घरच्याच वादावर बोलायला लावलं आणि त्या वेळी दोघांचे हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, अंगाची हालचाल मोजली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की संसारात नाखूश असलेल्या जोडप्यांत एकाचे ठोके-घाम वाढले की दुसऱ्याचेही त्याच लयीत वाढतात. पुढे गॉटमन यांनी मिनिटाला १०० ठोके ही ढोबळ रेषा धरली. त्यापलीकडे माणसाला शब्द ऐकू येतात, पण डोक्यात शिरत नाहीत. तो तेच वाक्य चार वेळा म्हणतो, विनोदालाही टोमणा समजतो.

नाडी बघायला घड्याळ पुरतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि १५ सेकंद मोजा. २५ ठोके भरले म्हणजे मिनिटाचे १०० झाले. नुकतेच तीन जिने चढून आला असाल तर हा आकडा फसवा. नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी मुळातच संथ असते, तो ८०-८५ लाच तापलेला असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही ठोके दाबून ठेवतात. मग आकडा सोडा; आवळलेला जबडा आणि चढलेला आवाज पुरेसा आहे.

थांबायचं किमान २० मिनिटं. ताणात शरीर दोन संप्रेरकं सोडतं: रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांतच ओसरतं, पण कॉर्टिसॉल सावकाश चढतं. ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखरावर असतं आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेतं. म्हणून पाच मिनिटांत "झालं का शांत?" असं विचारत आलेला माणूस दुसरी फेरी सुरू करतो.

बहुतेकांचं मध्यंतर याच वेळात वाया जातं. गच्चीवर जाऊन माणूस मनातल्या मनात पुढचा युक्तिवाद घोटतो, किंवा बहिणीला फोन लावून सगळं पहिल्यापासून सांगतो. शरीराला खरं भांडण आणि आठवलेलं भांडण यांत फारसा फरक कळत नाही. ठोके पुन्हा चढतात. त्यापेक्षा भाजी निवडा, कपडे घड्या करा, सोसायटीला दोन चकरा मारा. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. एका खोलीच्या घरात पाठ करून बसणंही चालतं. गाडी घेऊन बाहेर पडणं मात्र नको.

शब्द आधीच, शांत दिवशी ठरवून ठेवावेत. "मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू." यात वेळ आहे आणि परत येण्याचं वचनही. 'तू आधी शांत हो' यात दोन्ही नाही, वर आरोप आहे. ज्याने थांबवलं त्यानेच पुन्हा विषय काढायचा. झोपायची वेळ टळली असेल तर उद्या संध्याकाळ ठरवा. २४ तासांपलीकडे गेलं की ते मध्यंतर राहत नाही.

परत बसल्यावर पहिली तीन मिनिटं जपा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिबिल कारेर आणि गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांच्या भांडणाची फक्त पहिली तीन मिनिटं तपासली. सहा वर्षांत घटस्फोट घेतलेल्या जोडप्यांची सुरुवातच जास्त कडवट होती. अशा अभ्यासांतल्या भाकितांच्या अचूकतेवर इतर संशोधकांनी रास्त शंका घेतल्या आहेत, तेव्हा तीन मिनिटांत कुणी आपलं भविष्य वाचू नये. पण 'तू नेहमीच…'पेक्षा 'काल वीजबिल राहिलं, मला धास्ती वाटली' ही सुरुवात बरी, एवढं मानायला हरकत नाही.

कडवटपणा अंगावर किती उमटतो, हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात अक्षरशः मोजलं गेलं. ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे पाहिलं. एकमेकांशी जास्त वैरभावाने बोलणाऱ्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या.

हे सगळं दोघेही एकमेकांना घाबरत नसतील तेव्हाचं. मारहाण किंवा धमकी असेल तिथे मध्यंतराचा उपयोग नाही; तिथे सुरक्षित जागी जाणं आणि महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक लावणं आधी.